दगडी पोर, लाकडी बैल

यवतमाळहून मूर्तिजापूरकडे निघालेली शकुंतला रेल्वे दारव्हा सोडून पुढं गेली की मी खिडकीच्या गजांना नाक लावून बसायचो. पुढं कारंजा येणार होतं ना! चौथीच्या पुस्तकातल्या चित्रात बागेच्या मधोमध पाणी उडवणारं कारंजं होतं. स्टेशनाचं नावच कारंजा म्हटल्यावर ते केवढं असेल! गाडी थांबली. चहावाला आला, दोन पोती चढली, एक बकरी उतरली. पाण्याचा थेंब कुठं दिसेना.

‘‘आबाजी, कारंजं कुठं हाये?’’

‘‘अबे पोट्ट्या, गावाचं नाव कारंजा हाये. करंज ऋषीचं गाव.’’

डब्यातली माणसं हसली. आबाजींनी माझं मन राखायला आणखी एक गोष्ट सांगितली. याच गावात नृसिंह सरस्वती जन्मले आणि सात वर्षांचे होऊन मुंज लागेपर्यंत ॐकाराखेरीज एक अक्षर बोलले नाहीत, असं गुरुचरित्र सांगतं. म्हणजे कारंजं नाही, पण एक लहान मूल या गावाच्या नावाशी जोडलेलं आहे. कारंजं आणि मूल ही जोडी माझ्या डोक्यात बसली ती तेव्हापासून, आणि पुढं गावोगावच्या चौकांत मी ती शोधत आलो.

सापडली ती फार थोड्या ठिकाणी. आपल्याकडे चौकातलं कारंजं म्हटलं की मध्ये कमळ, नाहीतर बगळे, नाहीतर एकमेकांना पाठ टेकून बसलेले चार सिंह. मुलांसाठी म्हणून जे काही घडवलं जातं ते बागेत, आणि तेही काय? सिमेंटच्या अळंब्या, कंबर मोडलेला जिराफ, आणि तोंड उघडून ‘मला कचरा द्या’ म्हणणारा पेंग्विन. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांना टेकणाऱ्या आमच्या मुलखात पेंग्विनच का, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. मुंबईच्या कमला नेहरू पार्कात 1952 पासून उभा असलेला म्हातारीचा बूट त्यातल्या त्यात भाग्यवान. विदर्भातून मुंबई बघायला गेलेल्या तीन पिढ्यांनी त्याच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून फोटो काढून घेतले. पण ती म्हातारीही एका इंग्रजी बडबडगीतातली. पोरांनी बूट आपला केला, हे पोरांचं मोठेपण.

मुलांची शिल्पं असलेलं कारंजं ही युरोपची जुनी हौस. ब्रुसेल्समध्ये 1619 पासून शू करणारा पोरगा उभा आहे. बर्न शहरात त्याहून जुनं, 1540 च्या दशकातलं एक कारंजं आहे. त्यावर एक राक्षस बसून मूल खातोय आणि त्याच्या पोत्यात आणखी मुलं खुपसलेली आहेत. तो नेमका कोण, यावर तिथले लोक अजून वाद घालतात. ऑस्लोतल्या व्हिगेलँडच्या कारंज्याभोवती वीस ब्राँझची झाडं आहेत. त्यांच्या फांद्यांत आधी मुलं, मग तरुण, मग म्हातारी माणसं आणि शेवटी सांगाडा अशी आयुष्याची प्रदक्षिणा घडते. यांतलं एका छायाचित्रामुळं ठाऊक झालेलं कारंजं मात्र स्टालिनग्राडचं. सहा मुलं हात धरून एका मगरीभोवती फेर धरतात, कडेला बेडूक. चुकोव्स्कीच्या एका बालकवितेवरून ते केलेलं, रशियात तसली बरीच होती. 23 ऑगस्ट 1942 ला जर्मन विमानांनी शहर जाळलं आणि येव्झेरिखिन नावाच्या छायाचित्रकारानं त्या फेराचं छायाचित्र काढलं. मागं जळती इमारत, पुढं नाचणारी दगडी पोरं. युद्धानंतर कारंजं डागडुजी करून ठेवलं आणि पुढं पन्नाशीच्या दशकात काढूनही टाकलं. 2013 साली त्याच्या प्रतिकृती पुन्हा उभ्या केल्या, कारण तोवर छायाचित्र कारंज्यापेक्षा मोठं झालं होतं.

आपल्याकडचं माझं कारंजं मला मुंबईत भेटलं, आणि तेही कापसाच्या पैशातलं निघालं.

फोर्टात, जीपीओकडून मिंट रोडनं चालत गेलं की वाहनांच्या गराड्यात रतनसी मुळजी जेठा कारंजं उभं आहे. फ्लोरा फाउंटन सगळ्यांना ठाऊक, त्यावर रोमन लोकांची फुलांची देवी. हे दुसरं कारंजं मात्र बहुतेकांच्या डोळ्यांसमोरून रोज जातं आणि दिसत नाही. वेगवेगळ्या रंगांचे दगड, नक्षीचे थर, हत्तींची मुखं, आणि सगळ्यांत वर, जिथं एरवी देवी किंवा गव्हर्नर असता तिथं, एक मुलगा. हातात पुस्तक घेतलेला. देव नाही, राजपुत्र नाही, परीकथेतलाही नाही. त्याचं नाव धरमसी. रतनसी मुळजी हे कापसाचे व्यापारी, आणि धरमसी हा त्यांचा एकुलता एक मुलगा. तो पंधराव्या वर्षी गेला. बापानं त्याच्या आठवणीसाठी 1894 साली हे कारंजं शहराला दिलं.

आराखडा केला फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सनं, म्हणजे ज्यानं व्हीटी स्टेशन आणि मुंबई महापालिकेची इमारत उभी केली त्यानं. शिल्पकामामागं हात जॉन ग्रिफिथ्सचा. हा जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा माणूस. व्हीटीच्या भिंतींवरची पानं, पक्षी, माकडं त्याच्या देखरेखीखाली जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी कोरली. त्याआधी 1872 पासून बरीच वर्षं तो विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात होता, भिंतीवरच्या चित्रांच्या नकला उतरवायला. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात एक चित्र आहे: भिक्षेला आलेला बुद्ध खूप मोठा, आणि त्याच्यासमोर आई आपल्या लहानग्याला पुढं करून उभी. तो राहुल, बुद्धाचाच मुलगा, असं मानतात. कोणाच्याही आधी त्या पोराची वर वळलेली मान दिसते. ग्रिफिथ्सनं मिंट रोडवरच्या मुलाची कल्पना तिथून उचलली असं मी म्हणणार नाही. तसा पुरावा नाही. पण ज्यानं ती मान इतक्या वेळा निरखली असेल, त्याला लहान माणूस मोठ्या दगडावर कसा उभा करावा हे कळत असणार, एवढं म्हणायला हरकत नसावी.

पण हे कारंजं नुसतं बघायचं नव्हतं, तहान भागवायचं होतं. मराठीत आपण त्याला पाणपोई म्हणू, मुंबईत प्याऊ. त्या काळच्या मुंबईत अशी कितीतरी होती आणि बहुतेक कोणाच्या ना कोणाच्या स्मरणार्थ. कावसजी जहांगीर रेडिमनी या एकट्या पारशी गृहस्थानं सुमारे चाळीस पाणपोया बांधून दिल्या होत्या. एक तर त्यांनी लंडनच्या रीजंट्स पार्कातही बांधली, 1869 साली, इंग्रजांनी मुंबईतल्या पारशांना दिलेल्या संरक्षणाचे आभार म्हणून! माणसांसाठी धार, खाली बैल-घोड्यांसाठी कुंड, आणि वर जमलं तर पाखरांसाठी खळगा, अशी त्यांची रचना असे. कुलाब्याच्या कापसाच्या मैदानाकडे खटारे ओढणाऱ्या बैलांना वाटेत तोंड घालायला काहीतरी हवंच होतं.

हे सगळं शक्य झालं ते नळाच्या पाण्यामुळं. 1860 मध्ये विहार तलावाचं पाणी मुंबईत आलं, 1879 मध्ये तुळशीचं, आणि 1892 मध्ये तानसाचं. विहारच्या आधी शहर विहिरी आणि तळ्यांवर जगत होतं. तानसा आला, दोन वर्षांनी धरमसीचं कारंजं आलं. दु:ख बापाचं, पैसा कापसाचा, पण धार तानसाची. यांतलं एक जरी नसतं तरी दगड कोरडाच राहिला असता.

आणि कापूस कुणाचा? रतनसीशेठच्या गाठींवर कुठल्या गावाचं नाव होतं ते मला ठाऊक नाही, पण त्या काळात मुंबईच्या बाजारात वऱ्हाडचा कापूस मोठा होता. लिव्हरपूलचे दलालही ‘उमरावती’ या नावानं त्याला ओळखत. आमचा जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून नोंदलेला असे, यवतमाळ हे नाव त्याला 1905 ला मिळालं. इथला कापूस बैलगाडीनं धामणगावला जायचा, तिथून रेल्वेनं मुंबईला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूर-यवतमाळ ही छोटी रेल्वे टाकली तीही कापसासाठीच. आम्ही पोरं तिच्यातून फिरलो ते गाठींच्या मागं बसून मिळालेलं सुख. धरमसीच्या हातातलं पुस्तक बघताना मला वेचणीच्या दिवसांतली आमची शाळा आठवते. दिवाळीनंतर कापूस फुटला की वर्गातले निम्मे बाक रिकामे व्हायचे. पोरं-पोरी कमरेला ओटी बांधून कपाशीच्या तासात उभी. मास्तर हजेरी घेत नसत, नुसते खिडकीतून बघत. कापसानं एका पोराला दगडात का होईना कायमचं पुस्तक दिलं, आणि त्याच कापसानं दुसऱ्या पोरांच्या हातातलं काढून घेतलं. तक्रार करावी तर कुणाकडे? पोरगं गमावलेल्या बापाकडे तर नाहीच.

मधली कित्येक वर्षं या कारंज्याचं कोणाला काही पडलं नव्हतं. मग त्याचा नीट जीर्णोद्धार झाला आणि 2018 साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत त्याला सन्माननीय उल्लेख मिळाला. त्याच वर्षी त्याच यादीत राजाबाई टॉवरही होता. म्हणजे एक कारंजं लेकाच्या आठवणीचं आणि एक टॉवर आईच्या नावाचा. प्रेमचंद रायचंदांनी तो आपल्या आईच्या नावानं बांधला आणि तोही कापसाच्या तेजीतल्याच पैशातून. कापसाच्या शेठ लोकांनी मुंबईला दिलेली ही मायलेकरं म्हणायची.

आता आमच्या गावाकडं वळतो. यवतमाळला कारंज्याचा विषय काढला की आधी पाण्याचा हिशेब काढावा लागतो. वर्धा आणि पैनगंगा या दोन्ही मोठ्या नद्या जिल्ह्याच्या कडेकडेनं जातात. शहर वर पठारावर. पिण्याला निळोणा आणि चापडोह या दोन धरणांचं पाणी, आणि 2018 च्या उन्हाळ्यात तीही तळाला गेली तेव्हा नळ कितव्या दिवशी येईल यावर लग्नाच्या तारखा ठरत होत्या. त्या वर्षी कुणी चौकात कारंजं सोडलं असतं तर लोकांनी बादल्या घेऊन त्याच्यावर मोर्चा काढला असता. एकाच वर्षी मुंबईच्या कारंज्याला मानपत्र आणि आमच्या नळाला कोरड.

आमच्याकडे पाणी वर उडत नाही, पाण्याकडे खाली उतरावं लागतं. काळ्या कातळात खोल विहीर, दोराला गाठी मारून वाढवलेला पोहरा. कळंबचा चिंतामणीही जमिनीखाली बसलेला, पायऱ्या उतरत जावं तेव्हा कुंड आणि देव दिसतो. वर्षानुवर्षांनी कधीतरी झरे फुटून पाणी देवाच्या पायांना लागलं की अख्खा तालुका बघायला लोटतो. आमचं कारंजं ते. हातभर वर चढलेलं पाणी.

शब्दाचीही एक अडचण आहे. कारंजं हा पुस्तकी शब्द, बोलण्यात फवारा. पण फवारा म्हटलं की आमच्या मुलखात आधी पाठीवरचा पंप आठवतो. 2017 च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन या एका जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हापासून पोरानं ‘बाबा, फवारा!’ म्हटलं तरी बापाचं काळीज क्षणभर हलतं.

तरीही कारंजं ही पाण्याची उधळपट्टी असते, हा समज अर्धाच खरा. चौकातलं कारंजं तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवतं. खाली हौद, हौदातून पंप, पंपातून तोटी, तोटीतून वर, वरून परत हौदात. पंप नसतानाही कारंजी उडत होती. पाण्याची टाकी उंचावर ठेवली की पाणी आपली पातळी गाठायला धडपडतं, त्या धडपडीलाच आपण कारंजं म्हणतो. टाकी दहा मीटर उंच असेल तर धार दहा मीटरच्या वर काही जात नाही, आणि नळीतल्या घासणीमुळं तेवढीही नाही. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, मलिक अंबरनं 1617 च्या सुमारास नहर खोदली. पुढच्या काळात त्याच विद्येवर पाणचक्की फिरली: डोंगराकडचं पाणी काही किलोमीटर खापरी नळांतून आणायचं, भिंतीतून वर चढवायचं आणि वरून पाडायचं. एका थेंबाला वीज लागली नाही. उरला तोटीचा खेळ, तो प्रत्येक पोराला ठाऊक असतो. अंगणातल्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की धार शेजाऱ्याच्या अंगणात जाते. तोंड लहान, वेग जास्त. कारंज्याचा कारागीर पैसे घेऊन तेच करतो.

पाणी कमी होतं ते दोन वाटांनी. उन्हानं वाफ होते आणि वाऱ्यानं तुषार हौदाबाहेर जातात. म्हणून जाणते कारागीर धार जेवढी उंच, तेवढा तरी हौद चहूबाजूंनी रुंद ठेवतात. आमच्याकडे उलटं घडतं. चौक अरुंद, म्हणून हौदही अरुंद, पण उद्घाटनाला पाहुणे मोठे म्हणून धार उंच. पहिल्याच आठवड्यात मोटारसायकलवाले भिजतात, तक्रार होते, पंप बंद. विदर्भातल्याच एका गावातला असा हौद मी पाहिलाय. मध्ये चेंडू धरलेला सिमेंटचा मुलगा, हौदात गुटख्याच्या पुड्या, आणि मुलाच्या हातातला चेंडू कोणीतरी नेलेला. त्यामुळं तो काहीतरी मागत असल्यासारखा दिसत होता.

दुसरा शत्रू पाण्यातला क्षार. बोअरचं जड पाणी तोट्यांवर पांढरं कीट चढवतं, भोकं बुजतात, धार वाकडी होते. आणि बंद पडलेलं कारंजं नुसतं कुरूप नसतं, डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून आशाताई घरोघरी ‘कोरडा दिवस पाळा’ सांगत फिरतात. चौकातल्या हौदाला तो दिवस पाळायला सांगणारं कोणी नसतं.

म्हणून वाटतं, आमच्याकडे मुलांचं कारंजं करायचंच झालं तर ते मिंट रोडच्या वाणाचं हवं. आधी पाणपोई, मग शोभा. पावसाळ्याचं पाणी साठवून त्यावर चार महिने चाललं आणि उन्हाळ्यात नुसती पिण्याची तोटी उरली तरी पुष्कळ. आणि ती तोटी पाच वर्षांच्या पोराच्या तोंडाच्या उंचीवर असावी. आपल्याकडच्या बहुतेक पाणपोयांवर मुलांना कडेवर घ्यावं लागतं, हे किती जणांनी लक्षात घेतलंय?

शिल्पं कुठली, हा प्रश्न तर उरतच नाही. बालपणाची शिल्पं वऱ्हाडानं कधीची घडवून ठेवली आहेत, फक्त ती चौकात नाहीत, हातात आहेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा भरतो. खऱ्या बैलांचा मान आदल्या दिवशी झाला, आजचा दिवस पोरांचा आणि त्यांच्या लाकडी नंद्यांचा. नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी 1806 मध्ये ही चाल सुरू केली, असं सांगतात. मूठभर बैलापासून माणसाच्या उंचीच्या नंदीपर्यंत सगळे चाकांवर, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरं, पाठीवर झूल. पोरं ते घरोघरी ओढत नेतात आणि बोजारा मागतात. आजकाल दहाच्या नोटेखाली बोजारा घेत नाहीत! सुताराची सगळी कारागिरी त्या वशिंडात असते. चांगल्या सुताराच्या हातचा बैल उभा असला तरी निघाल्यासारखा वाटतो.

पोरींची भुलाबाई भाद्रपद पौर्णिमेला बसते ती थेट कोजागरीला उठते. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी, मांडीवर बाळ गणपती. कुंभारणीनं दोन बोटांनी चिमटलेलं नाक आणि गेरू-चुन्याचे डोळे. रोज संध्याकाळी पोरी टिपऱ्यांवर गाणी म्हणतात, आणि झाकलेल्या डब्यात खिरापत काय ते ओळखायला लावतात. डबा हलवून, वास घेऊन, अंदाज सांगून. सासर-माहेरचं अख्खं राजकारण त्या गाण्यांत नऊ वर्षांच्या पोरीच्या तोंडी असतं. दगडात कोरायचाच तर मला तो डबा कानाशी धरून हलवणारी पोरगी कोरलेली बघायला आवडेल. पेंग्विनपेक्षा स्वस्तात होईल.

गेल्या तान्ह्या पोळ्याला आमच्या गल्लीत सार्वजनिक नळापाशी एक पोट्टा आपला बैल घेऊन उभा होता. नळ नुकताच गेला होता, तोटीतून थेंब थेंब येत होते. त्यानं बैलाचं तोंड बरोबर तोटीखाली धरलं होतं.

‘‘अबे, लाकूड फुगन ना! चाक फिरायचं नाही मंग,’’ ओट्यावरून त्याची आजी ओरडली.

‘‘आजी, त्याले तहान लागली ना वं,’’ तो म्हणाला, आणि थेंब मोजत राहिला.